नव्या फळ्याला लागलेलं चंदन

मित्रांनो, दक्षिणेतल्या अंबत्तूरच्या एका कचेरीत कपाटाला पाठ लावून बसलेला जुना प्रोजेक्टर तुम्ही पाहिला असेल, तर तो मीच. वर्गात यंत्रं कशी वापरावीत हे शिक्षकांना शिकवणारी शिक्षकांचीच एक संस्था आहे, तिचीच ही कचेरी. तिची पहिली खरेदी मी. माझ्या काचेवर पारदर्शक कागद ठेवला, की भिंतीवर बेडकाचं काळीज उमटायचं आणि भलेभले मास्तर माना उंचावून बघायचे. तिथे शिकवणाऱ्या विजयलक्ष्मी मॅडम तर मला स्वतःच्या रुमालाने पुसायच्या.

यंदा स्मार्ट बोर्ड आला. भिंतभर रुंद, बोट लावलं की चालणारा. खोटं कशाला सांगू, मी जळून खाक झालो. नोकरीसाठी पुण्याहून आलेली ऋजुता सारखी त्याच्याच भोवती. सचिव शेषाद्री सर म्हणाले, "शिबिरात बोर्ड नीट चालला, की हे धूड भंगारात."

शिबिर विजयादशमीला होतं. आदल्या दिवशी आयुधपूजा झाली. मॅडमनी सगळ्या यंत्रांना चंदन-कुंकू लावलं, पण हार एकट्या बोर्डाला! चंदनही चांगलं थापून, थेट काचेच्या काठावर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी बोर्ड बिथरला. पानं आपोआप उलटू लागली, रेघा उमटू लागल्या. ऋजुताला घाम फुटला आणि मला आनंदाच्या उकळ्या. "तो जुना आणा!" शेषाद्री सर ओरडले. माझा दिवा लागला. बोर्डावरच माझा लखलखीत उजेड पडला, आणि मास्तर पुन्हा माना उंचावून बघू लागले. काय सांगू तुम्हाला ते सुख!

त्याच उजेडात मॅडमना काठावरचा गोळा दिसला.

"अय्यो! अस्की, सगळा घोळ ह्या चंदनाचा, मा! हा बोर्ड त्याला बोट समजतोय!"

ऋजुताने ओढणीने चंदन पुसलं. बोर्ड शहाण्यासारखा चालू लागला. टाळ्या पडल्या. शेषाद्री सरांनी माझी वायर उपसली आणि मला उचललं.

"सर, थांबा! तो गरम आहे!" मॅडम ओरडल्या.

तेवढ्यात माझ्या पोटात टक् झालं. तापलेला दिवा हिसक्याने फुटला. टाळ्यांत कुणाला ऐकूही आलं नाही.

मित्रांनो, उद्या भंगारवाला येणार आहे. बोर्डाचा मला अजूनही हेवा वाटतो, तो काही जात नाही. तुम्ही नव्याचं खुशाल कौतुक करा. फक्त जुन्याला बाजूला सारण्याआधी, त्याचा दिवा निवेपर्यंत थांबा.