दिवस मागणारी माणसं

"चार आठवडे, बस. एप्रिलमधले चार आठवडे," विल्मॉट फोनवर सांगत होते. "बाकीचं वर्ष आम्हाला आहे तेवढं नेट पुरतं. पण साडेतीनशे मुलं एकदम ऑनलाइन परीक्षेला बसली की स्क्रीन गोठतात, बाई. मागच्या वर्षी एक मुलगी रडत वर्गाबाहेर आली."

शरयूने हेडसेट कानावर नीट केला. तिच्यासमोरच्या फॉर्ममध्ये मुदतीचा एक रकाना होता. त्यात छत्तीस महिन्यांच्या खालचा आकडा टाकला की रकाना लाल व्हायचा.

"वाढवून मिळेल, मिस्टर विल्मॉट. पण तीन वर्षांच्या करारावर."

"तीन वर्षं घेऊन काय करू? शाळा आहे माझी, कारखाना नाही."

"सॉरी," ती म्हणाली. त्यांनीही आभार मानून फोन ठेवला. नकार मिळाल्यावरसुद्धा आभार मानणारी माणसं तिच्या मनाला जास्त लागायची.

तिने खालचा खण उघडला, वही काढली आणि मराठीत लिहिलं : 'शाळा. मुख्याध्यापक विल्मॉट. परीक्षेपुरते चार आठवडे. नाही सांगितलं.'

ओहायोतल्या एका लहानशा गावात हार्टवेल कम्युनिकेशन्स ही इंटरनेट पुरवणारी कंपनी होती. ओहायोतल्याच डब्लिन शहरातल्या तिच्या घरून गाडीने चाळीस मिनिटं. शरयू देवस्थळी तिथे एकवीस वर्षं ऑर्डर डेस्कवर होती. सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून, लग्न होऊन ती इकडे आली आणि व्हिसामुळे आठ वर्षं घरात बसली. काम करायची परवानगी हातात आली तेव्हा सदतीस वर्षांची होती. तेरा ठिकाणी अर्ज केले. बोलावलं ते फक्त हार्टवेलने.

काम म्हटलं तर सोपं. दवाखाना, गोदाम, बँकेची शाखा, कोणी ना कोणी फोन करायचं, आम्हाला लाइन हवी म्हणून. ती ऑर्डर भरायची, मग ती ऑर्डर सात जणांच्या हातांतून जायची आणि दोन महिन्यांनी लाइन सुरू व्हायची. महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं तर तिचा नवरा अनिल "टेलिफोन कंपनीत आहे ती" एवढं म्हणून विषय बदलायचा. तो स्वतः इन्शुरन्समध्ये डायरेक्टर होता. लेक केया शाळेत असताना मैत्रिणींना सांगायची, "आई ऑर्डर्स घेते." ऐकणाऱ्याला वाटावं, हॉटेलात असेल.

वहीची सवय पहिल्याच महिन्यात लागली. झालेल्या ऑर्डरी कंपनीच्या सिस्टिममध्ये राहायच्या. न झालेल्यांचं काहीच राहायचं नाही. माणूस पोटतिडकीने बोलायचा, ही नाही म्हणायची आणि त्याच्या त्या बोलण्याचा मागमूस उरायचा नाही. तिला ते बरं वाटेना. म्हणून ती लिहू लागली, कोण, कशासाठी, किती दिवस. अशा अकरा वह्या झाल्या.

त्या उन्हाळ्यात कंपनीत अमन व्हाइस प्रेसिडेंट म्हणून आला होता. चौतिशीचा, अमेरिकेतच, पिस्कॅटवेत जन्मलेला, आई नागपूरची. चारचौघांत तो तिला शरयू म्हणायचा, एकटं असलं की काकू. विल्मॉटांच्या फोननंतर दोन दिवसांनी तो तिच्या डेस्कपाशी खुर्ची ओढून बसला.

"काकू, ऑनेस्टली सांगू? आपण सगळं सबस्क्रिप्शनवर नेतोय. कस्टमर पोर्टलवर जाईल, क्लिक करेल, स्पीड वाढेल. नको झालं की कॅन्सल. लाइन तर त्याच्या बिल्डिंगपर्यंत आहेच. आपण फक्त इथून सोडायचं."

"म्हणजे नळ आहेच. तोटी आपण इकडे आवळून धरलीये."

"एक्झॅक्टली! आता ती तोटी कस्टमरच्या हातात."

"आणि डेस्क?"

त्याने खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाला, "जूनपर्यंत आहे. दोघांना इन्स्टॉलेशनमध्ये घेतोय. तुमच्या शेजारची डॉना रिटायर होतेय. तुमचं... मी बघतोय, आय प्रॉमिस." तो पुढे म्हणाला, "मंगळवारी मीटिंग आहे. आत्ता ऑर्डर कशी जाते, ते दहा मिनिटं सांगाल?"

घरी तिने अनिलला सांगितलं. तो भाजी वाढून घेत म्हणाला, "सोड की मग. साठीला आलीस. फिरू जरा."  सोमवारी ऑफिसातून येताना तिने सगळ्या वह्या पिशवीत भरून आणल्या आणि एकेक करून जेवणाच्या टेबलावर मांडून वाचत बसली.

मंगळवारच्या मीटिंगला सात जण होते. टेबलाच्या टोकाला म्हातारे हार्टवेल, कंपनी त्यांच्या आजोबांनी काढलेली. बाहेरून आलेला एक सल्लागार पडद्यावर तीन योजना दाखवत होता. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. वेग जास्त, तशी योजना मोठी. तिन्हींची मुदत किमान एक वर्ष. त्याचं झाल्यावर अमनने शरयूला खूण केली.

तिने ऑर्डरचे सात टप्पे चार मिनिटांत सांगून टाकले. मग म्हणाली, "उरलेल्या सहा मिनिटांत मला दुसरं काही सांगायचंय."

सल्लागाराने घड्याळाकडे बघितलं. तिने पिशवीतल्या वह्या काढून एकेक उघडली. मजकूर मराठीत, त्यामुळे वाचता वाचता ती इंग्रजीत सांगत गेली.

"काउंटीची जत्रा. चार दिवस. तिकिटांची मशीन चालवायला. नाही सांगितलं. चर्च. एक दुपार. नवरीची आजी फिलिपिन्समध्ये आहे, तिला लग्न दाखवायचंय. नाही सांगितलं. गुरांचे डॉक्टर. वासरं होतात ते दोन महिने. रात्री-अपरात्री शेतावरून व्हिडिओ येतात. नाही सांगितलं. भोपळ्याचं शेत, ऑक्टोबरमध्ये लोक भोपळे न्यायला गर्दी करतात तेवढा महिना. कर भरून देणारं ऑफिस, फेब्रुवारी ते एप्रिल. नाही, नाही. आणि ही शाळा, परीक्षेपुरते चार आठवडे. गेल्याच आठवड्यात."

"अशा किती आहेत?" अमनने विचारलं.

"एक हजार नऊशे सहा."

 मग सल्लागार म्हणाला, "पण ही फार लहान गिऱ्हाइकं आहेत. एका दुपारसाठी कोण खटाटोप करणार?"

"आजवर खटाटोप होता. सात माणसं, दोन महिने. आता मशीनच करणार आहे म्हणता ना? मग मशीनला दुपार काय आणि वर्ष काय?" तिचा आवाज जरा चढला, तो तिने खाली आणला. "तुमच्या तिन्ही योजना वेगाच्या आहेत. एकवीस वर्षांत मला कोणी वेग मागितलेला नाही. लोक दिवस मागतात."

टेबलाच्या टोकाकडून हार्टवेल म्हणाले, "ती जत्रा. कोणत्या वर्षीची?"

"दोन हजार नऊ."

"मी होतो त्या कमिटीवर. आम्हाला वाटलं, तांत्रिकदृष्ट्या शक्यच नसेल, म्हणून नाही मिळालं."

"शक्य होतं, सर. आपण विकत नव्हतो, इतकंच."

म्हाताऱ्याने वही पुढे ओढून त्या न कळणाऱ्या अक्षरांवरून नजर फिरवली. मग अमनला म्हणाला, "हिच्या वहीप्रमाणे करा."

पार्किंगमध्ये अमन धावत मागे आला. "काकू, यू किल्ड इट, जिंकलंत! पण एक... तुम्हाला कळतंय ना, हे चाललं तर डेस्क सगळ्यात आधी जाईल?"

"कळतंय रे. एकवीस वर्षं मी लोकांना नाही म्हणतेय. मला त्याचा वीट आलाय." 

हिवाळाभर ती प्रोग्रामर लोकांबरोबर बसली. मुदतीचा रकाना बदलला. त्यात आता दिवस लिहिता येत होते, हवा तर अर्धा दिवससुद्धा. 'हंगाम' अशी एक वेगळी योजना झाली. एकदा ठरवून ठेवायचं, मग दर वर्षी त्या आठवड्यांत तोटी आपोआप सैल व्हायची आणि नंतर आवळली जायची. प्रोग्रामर विचारायचे, माणूस मध्येच दोन दिवस जास्त मागेल का? ती म्हणायची, "मागेल. पाऊस पडला की जत्रा लांबते." तसं बटण त्यांनी केलं. मार्चमध्ये तिने विल्मॉटांना स्वतः फोन लावला. आपण कोण ते सांगितल्यावर ते हसले. "म्हणजे हो म्हणायला फोन केलात?"

"हो," शरयू म्हणाली. म्हटल्यावर तिला तो शब्द तोंडात नवा वाटला.

परीक्षेचा पहिला दिवस एप्रिलमधला मंगळवार होता. शरयू सव्वासातलाच डेस्कवर आली. पहिल्या वर्षी शाळेनेच सकाळी बटण दाबून हंगाम सुरू करायचा होता, नऊला पेपर. सात पन्नासला फोन वाजला.

"मी दाबतोय," विल्मॉट घाईघाईने म्हणाले. "ते लाल होतंय. दोनदा केलं."

तिने सिस्टिम उघडली. शाळेच्या नावाने दोन नोंदी होत्या. कोणती खरी ते मशीनला ठरवता येईना, म्हणून ते दोन्ही नाकारत होतं. तिने अमनला फोन लावला. तो गाडीत होता.

"शिट. सॉफ्टवेअरवाल्या व्हेंडरला कॉल करतो. दोन तास तरी लागतील, काकू."

"नऊला पेपर आहे. मला कळतंय काय झालंय ते. दोन हजार अकरात दोन शाळा एक झाल्या. जुनी इमारत पाडली, पण तिची लाइन कागदावर राहिली. चालू आहे ती लाइन बॉयलर रूममध्ये उतरते. ती ऑर्डर मीच भरली होती."

"शुअर आहात? चुकीची काढली तर शाळा पूर्ण बंद पडेल."

तिने डोळे मिटले. तेव्हाचा तंत्रज्ञ फोनवर कुरकुरला होता, बॉयलर रूममध्ये फार उकडतं म्हणून. ते तिला स्वच्छ आठवलं.

"शुअर आहे."

"मग करा. माझ्या नावावर करा."

"माझ्याच नावावर करते," ती म्हणाली आणि जुनी नोंद काढून टाकली.

"दाबा आता, मिस्टर विल्मॉट."

आठ वाजून चोवीस मिनिटं झाली होती. हेडसेटमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "हिरवं झालं. झालंच की! चाळीस सेकंदपण नाही लागले." मागे कोणीतरी टाळी वाजवली. "बाई, मला जावं लागेल, मुलं येतायत."

फोन बंद झाला. शरयूने हेडसेट काढून ठेवला. डॉना कॉफी घेऊन येत होती, तिने विचारलं, "काय गं?" शरयू म्हणाली, "डॉना, माझे फोन घेशील? तासाभरात येते." एकवीस वर्षांत कामाच्या वेळात ती पहिल्यांदा बाहेर पडत होती.

शाळा पंचवीस मिनिटांवर होती. आजवर तिने भरलेल्या हजारो पत्त्यांपैकी एकही तिने डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. विटांची बैठी इमारत, पुढे पिवळ्या बसेस ओळीने उभ्या. दारावरची बेल दाबून ती आत गेली. ऑफिसातल्या बाईंनी तिच्या कोटावर पाहुण्यांचं स्टिकर लावलं.

"मुख्याध्यापक परीक्षेत आहेत. तुमचं मूल आहे का इथे?"

"नाही. मी इंटरनेट कंपनीतून आलेय."

बाईंचा चेहरा उतरला. "अरे देवा. काही बिघडलंय का?"

"नाही, नाही. काहीच बिघडलेलं नाही. तेच बघायला आले."

बाईंना नीट कळलं नाही, पण त्या हसल्या. काचेच्या दारापलीकडे लांबलचक कॉरिडॉर होता. पहिल्याच वर्गाचं दार उघडं होतं आणि त्यातून मुलांच्या दोन रांगा दिसत होत्या. माना खाली, बोटं चालू. एक मुलगा ओठ चावत होता. एका मुलीने स्क्रीनवरची नजर न हटवता वेणी मागे टाकली आणि पुढचा प्रश्न उघडला. तो लगेच उघडला.

"आत नाही सोडता येणार," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण बसा ना हवं तर."

ऑफिसबाहेर भिंतीला लागून एक ठेंगणी खुर्ची होती. मस्ती केलेल्या मुलांना बसवायची असावी. शरयू तिच्यावर बसली. गुडघे वर आले, पर्स तिने मांडीवर धरली आणि पाठ ताठ ठेवून ती घंटा होईपर्यंत तिथेच बसून राहिली.