पंख्यावरचा रंग

विमानाच्या कागदांवरून माझं नाव काढून टाक, असं जीवराम म्हणाला तेव्हा लीलाधर हातातला चहा प्यायचाच विसरला.

दोघं यावलचे, शाळेपासूनचे सोबती. लीलाधरचं जळगावात पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्यानं तार गुंडाळून भरायचं दुकान, जीवरामचा केळीचा व्यापार. दोघांनी भागीदारीत एका कंपनीकडून छोट्या विमानाचे सुटे भाग मागवले आणि जीवरामच्या वखारीमागच्या शेडमध्ये ते स्वतःच जोडलं. लीलाधर ते उडवायलाही शिकला. पुढे चाकाखालचा दगड उडून विमानाच्या नाकावरचा लाकडी पंखा फुटला, आणि चौकशी करतात तर कंपनीच बंद पडलेली! विमा तर आधीपासूनच नव्हता. विमा कचेरीतल्या साहेबांनी हात जोडले होते. "कारखान्यातून आलेलं असतं तर बघितलं असतं. घरी जोडलेलं विमान कुणाच्या अंगावर पडलं, तर भरपाई मालकांनीच द्यायची."

शेवटी जीवरामनंच कुठूनसा पंखा मिळवला. "नवाकोरा हाये भो," म्हणाला. रविवारी पारोळ्याला एका वरातीवर विमानातून फुलं टाकायची सुपारीही त्यानंच घेतली. आणि आता हे.

"काऊन, झालं काय?" लीलाधरनं विचारलं.

"काही नाही. वकील म्हणतो, धंदा सोडून दुसरीकडं नाव अडकवू नका."

रात्री जेवताना लीलाधरनं बायकोला सांगितलं. कुंदाबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं, "रविवारनंतर काढलं तर चालत नाही का? एवढी घाई कशाची?"



सकाळी तो शेडमध्ये गेला. तारा ओढून पाहिल्या, एकेक नट हलवून पाहिला. सगळं ठीक होतं. मग त्याची नजर पंख्यावर गेली. एका पात्याच्या बुडाशी रंग जरा जास्तच जाड होता. त्यानं नखानं खरवडलं. रंगाखाली भेगा बुजवायची लांबी निघाली, आणि लांबीखाली केसासारखी बारीक चीर.

तो तसाच वखारीत गेला. जीवराम केळीचे घड मोजून घेत होता. लीलाधरला पाहून त्यानं हमालांना बाहेर पाठवलं.

"पंखा कुठून आणला?"

"सांगितलं ना, नवा..."

"जीवराम."

जीवरामनं मान खाली घातली. "नाशिककडं एक विमान पडलं होतं. त्याचा हाये. दुसरा मिळतच नव्हता भो. इकणारा म्हणे, टिकतो. मलेही वाटलं, टिकंल."

"टिकंल वाटत होतं, तर नाव कशाले काढत होता?"

जीवराम हळूच म्हणाला, "खाली वरातीत बाया, लेकरं राहतीन. काही झालं तर भरपाईचं बठ्ठं ओझं माह्या अंगावर आलं असतं."

"अन् वर कोण राहणार होतं?"



लीलाधरनं पंखा उतरवून करवतीनं मधोमध कापला. पारोळ्याला एसटीनं जाऊन नवरीच्या बापाची बोलणी खाल्ली. वकिलाकडं जाऊन जीवरामचं नावही कमी करून दिलं. विमान तसंच उभं राहिलं. पुढं त्याच्या पंखांचं कापड उंदरांनी कुरतडलं.

जीवराम दुकानात येत राहिला. गप्पाही व्हायच्या. पण त्यानं कधी गावाकडून तुपाचा डबा आणला, तरी लीलाधर झाकण उघडून आधी वास घ्यायचा. जीवराम ते बघायचा.