उंबऱ्याखालची फळी

दसरा सरला आणि सरकारी हापशाजवळ अख्खं गाव गोळा झालं. धोंडप्पाबाबा फळ्या उचलून दाखवत होता. मृगात त्यानंच घराघरातलं पाप पारखायला प्लायवूडची एकेक फळी उंबऱ्याखाली पुरायला दिली होती. पाटील आळीतल्या फळ्या चिखलातून नव्या कोऱ्या निघाल्या. बौद्धवस्तीतल्या सगळ्या बुरशीनं पांढऱ्या. बोट लावलं की भुगा.

"लाकूड खोटं बोलत न्हाई, मंडळी!" बाबा गरजला. "धर्म सोडला, तिथली माती सडली. ही माणसं हापशाला शिवली तर पाणी सडंल, मग तुमची लेकरं!"

कुणीतरी दगड उचलला. बौद्धवस्तीतल्या शोभाबाईनं रिकामी घागर छातीशी धरली. वस्तीला हापसा आधीच बंद होता; नाल्याच्या पाण्यानं तिची पोरगी हगवण लागून घरात पडली होती.

आप्पाराव पाटलांनी आपली फळी करवतीनं कापली. "वरून काय चोपडलं न्हाई. आतूनबी खणखणीत."

"पाटील, माझीबी कापलेली हाय," शोभाबाई म्हणाली. "वस्तीच्या फळ्या दुसऱ्या पोत्यातनं काढल्या, तवाच वहीम आला. तवाच अर्धी तुमच्या गोठ्यात पुरलीय. खणा."

"व्हय, माझ्यासमोरच पुरली," पाटलीण चंद्रभागाबाई बोलल्या.

गोठ्यातून खणून आणली. तिचाही भुगा.

"आता आमची माती पापी का, बाबा?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"तिचा हात लागला ना!" बाबा म्हणाला.

"तिनं लिंपलेल्या गोठ्यातलं दूध रोज पितोस की रे! ते कामून सडंना?"

गर्दीत खसखस पिकली. शोभाबाईचा भाऊ भीमराज आळंद गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. त्यानं पुढच्या गावासाठी ठेवलेली फळ्यांची दोन्ही पोती बाबाच्या गाडीतून खाली ओढली.

"गुलबर्ग्याच्या वखारीत दोन्ही जातीचा माल मिळतो. प्लायवूड म्हणजे डिंकानं चिकटवलेले लाकडाचे पातळ पापुद्रे. महाग मालाच्या डिंकातच कारखान्यात बुरशीचं औषध कालवतात. ते पापुद्र्यांत मुरतं. वरून दिसत न्हाई, कापलं तरी जात न्हाई. स्वस्तात औषध नसतं. कुणाला कुठली द्यायची, एवढाच ह्याचा चमत्कार!"

बाबा जोडे शोधू लागला. दगडवाल्यानं दगड टाकला, पण मान फिरवली. शोभाबाई हापशाकडे निघाली. वाट कुणी दिली नाही, अडवलीही नाही. तिनं दांडा दाबला, घागर भरली आणि पोरीकडे पळाली.

बुरशीला जात कळत नाही. ती लाकूड खाते, औषध असलं की मरते. माणसाचं पाप मोजायला कुणी फळी घेऊन आला, तर पाया पडू नका. ती कुठून आणली, ते विचारा.