पेटी एकच होती

श्रीपतरावांनी शिवगंगा सिस्टरच्या गळ्यात हार घातला तशा टाळ्या पडल्या. सन शहाऐंशीचा जून. गुलबर्ग्याच्या त्या खासगी दवाखान्याच्या अंगणात मांडव घातला होता. आळंदचे तुरीचे व्यापारी श्रीपतराव यंदापासून दरवर्षी एका गरीब मुलीला नर्सिंगच्या शिक्षणाचा खर्च देणार होते. सहा वर्षांपूर्वी त्यांचा नातू सातव्या महिन्यातच जन्मला आणि शिवगंगेनं त्याला अडतीस दिवस काचेच्या पेटीत जगवलं. शिष्यवृत्ती त्याच्याच नावाची.

"हिच्या हाताला देव हाय," ते माइकवर म्हणाले.

चहाच्या वेळी त्यांची सून राजूबाई सिस्टरला हाताला धरून व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेली.

"एक इचारू? माझ्या पोरासंगं पोरगी बी हुती न्हवं? मला तवा सुद नव्हती. मामंजी म्हणले, पोटातच गेली."

शिवगंगेनं हातातला कप कठड्यावर ठेवला.

त्या दिवशी दवाखान्यात पेटी एकच होती, एकाच जिवापुरती. डॉक्टर दुसऱ्या पेटीसाठी सोलापूरला फोन लावायला गेले, तेव्हा ती म्हणाली होती, तोवर दोघांना आलटूनपालटून ठेवू. श्रीपतराव पेटीपुढं येऊन उभे राहिले. "पोराला भाईर काढायचं न्हाई." ती तेवीस वर्षांची होती, नोकरीला दोन महिनेही झाले नव्हते. तिनं पोरीला कापसात गुंडाळून पोटाशी धरलं. दुपार कलेपर्यंत पोरगी कण्हत होती.

"रडली का वो ती?" राजूबाईनं विचारलं.

शिवगंगेनं मांडवाकडं पाहिलं. मंठाळची ईरम्मा, यंदा निवडलेली मुलगी, श्रीपतरावांच्या पाया पडत होती. तिचा प्रवेश सोमवारी होता. मागं उभ्या असलेल्या तिच्या आईनं हात जोडले होते.

"न्हाई, अक्का," शिवगंगा म्हणाली. "मामंजी खरंच बोलले."

राजूबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"मग बरं झालं. मला उगाच वाटायलतं, दोन आवाज आल्ते म्हणून."

फोटोसाठी हाका सुरू झाल्या. श्रीपतरावांनी सरकून आपल्या शेजारी जागा केली. शिवगंगा गेली आणि तिथं उभी राहिली.