अबोल्यातलं विमान

नवरा-बायको दोघंही विमानाचे मेकॅनिक, आणि परवापासून अबोला. भांडण कशावरून झालं ते दोघंही विसरले होते, पण माघार घेणार कोण? पायलट बॅग घेऊन ताटकळत बसला होता. विमान वळवायच्या दांड्यापासून पंखापर्यंतच्या केबल एकाने जोडल्या की दुसऱ्याने तपासायच्या, हा नियम घरची भांडणं बघत नाही. नवऱ्याने जोडल्या होत्या, म्हणून बायको पंखापाशी उभी राहिली, तोंडाला कुलूप लावून.

नवऱ्याने आत बसून दांडा डावीकडे ढकलला. डाव्या पंखाची झडप वर जायची, ती खाली गेली. केबल उलट्या जोडलेल्या. डावीकडे म्हटलं की हे विमान उजवीकडे जाणार, थेट नवऱ्यासारखं. एवढं चविष्ट वाक्य गिळून टाकणं बायकोला जमेना.

"उलटं जोडलंयस, शहाण्या."

नवरा ऐटीत खाली उतरला. "मुद्दामच. माझी चूक दिसल्यावर तू गप्प बसतेस होय?"

पायलटने बॅग उचलली आणि बसस्टॉप कुठे आहे ते विचारलं.

दोघांनी एकदमच हात केला. तिने डावीकडे, त्याने उजवीकडे.