बाहीवालीचा हात

"पुसून निघतं का हे?" डॉक्टरीणबाईंनी ओला बोळा पोरीच्या डाव्या हातावर दोनदा घासून पाहिला.

"नाही. गोंदलेलं आहे," पोरगी म्हणाली.

"मग अवघड आहे. अग्निशमन दलात हातावर गोंदण चालत नाही."

आई प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन दारापाशी उभी होती. पोरगी धावण्यात पहिली आली होती, खांद्यावर माणसाएवढं पोतं घेऊन तीन मजले उतरली होती, आणि आता गाडी अडली ती कुठे, तर चार बोटांएवढ्या हिरव्या रेघांपाशी! पोरीने वळून आईकडे पाहिलं. त्या नजरेपुढे आईला मान वर करवेना.

आई रुग्णालयाच्या धुलाईखात्यात बावीस वर्षं चादरी धूत होती. पहिल्याच दिवशी तिथल्या सगळ्यांत जुन्या बाईने, थोरलीने, विचारलं होतं, "हाताला हे कसले डाग गं? आधी ते धू, मग चादरींना हात लाव." सगळ्याजणी खो खो हसल्या. त्याच संध्याकाळी तिने मनगटापर्यंत बाह्यांचे सदरे शिवायला टाकले. वाफेने जीव नकोसा व्हायचा, पण बाही कधी वर गेली नाही. तिचं नावच बाहीवाली पडलं. आणि एवढं लपवूनही, तिच्या म्हाताऱ्या आईने नातीला गोंदायचा हट्ट धरला तेव्हा हिने आपल्या आठ वर्षांच्या लेकीचा हात मुकाट्याने पुढे केला होता. त्या गोंदणाचा अर्थ मात्र लेकीला कधी सांगितला नव्हता. लाज वाटायची, दुसरं काय!

"एक सवलत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जमातीची रीत असेल तर चालतं. पण हल्ली कुणीही दुकानात काढून घेतं आणि रीत म्हणून सांगतं. काही लेखी आहे?"

"कागद नाही बाई," आई पुढे आली. "हे आमच्यात कागदावर कुणी काढलंच नाही कधी."

तिने उजव्या बाहीचं बटण काढलं. बाही कोपरापर्यंत सारली आणि हात टेबलावर पालथा ठेवला. मनगटाच्या वर आडवं कुंपण होतं, उभे खांब आणि त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या रेघा. करंगळीच्या बाजूला मात्र त्या रेघा नुसत्याच संपल्या होत्या. तिथे खांब नव्हता.

"हे माझ्या आईनं घातलं. शेवटचा खांब मुद्दाम सोडलाय. तो लेकीच्या हातावर घालायचा आणि कुंपण तिथून पुढं न्यायचं. म्हणजे एकटी कुणीच राहत नाही."

डॉक्टरीणबाईंनी समोरचा फॉर्म पाहिला. पोरीचं गोंदण त्यांनी मघाशीच ओळखखूण म्हणून त्यावर रेखाटून घेतलं होतं आणि खाली लिहिलं होतं: करंगळीकडे एक सुटा खांब.

"हात शेजारी ठेव तिच्या," त्या पोरीला म्हणाल्या.

आठ वर्षांचा हात आता चांगला वाढला होता. आईने आपला हात बोटभर वर सरकवला आणि दोन आडव्या रेघा त्या सुट्या खांबाला जाऊन भिडल्या. पोरगी बघतच राहिली. आजीने गोंदलं त्या दिवशी तिने दुखतं म्हणून डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"घालणाऱ्या आजी कुठे असतात?"

"गेली. चार वर्षं झाली."

डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवर सावकाश लिहिलं: परंपरागत. पात्र. मग दणकन शिक्का मारला.

बाहेर येताच पोरीने आईला कडकडून मिठी मारली आणि भर व्हरांड्यात रडली. आईही रडली, पण तिला हसू आवरत नव्हतं. घरी गेल्यावर पोरीने कात्री काढली आणि आईच्या चारही सदऱ्यांच्या बाह्या कोपरावर छाटून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी धुलाईखात्यात मुकादम ओरडला, "अगं बाहीवाली, बाही कुठं गेली?"

"लेकीनं कापली. आगीच्या बंबावर लागली ती!"

थोरलीने चष्मा वर करून तिच्या हाताकडे पाहिलं. "अगंबाई, बावीस वर्षं झाली, डाग गेले नाहीत वाटतं अजून?"

"नाही गेले," ती म्हणाली. "लेकीपर्यंत पोचले."

आणि तिने ओल्या चादरींच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातले.