शेवटच्या फाटकाची टपालगाडी

मित्रांनो, टपाल कचेरीच्या मागच्या भिंतीला टेकून जी लाल, म्हणजे एके काळी लाल असलेली गाडी उभी आहे, ती मी. माझ्या पुढच्या सीटखाली सध्या एक कोंबडी अंडी उबवते आहे, तेव्हा जरा हळू बोला. मी एक जुनी टपालगाडी आहे. सव्वीस वर्षे चालले, हाडे खिळखिळी झाली आणि खरे सांगायचे तर आता मला कुठेच जायचे नाही. पण तुम्ही विचारलेत म्हणून सांगते.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे दिवसाला माझ्यासारख्या चाळीस गाड्या तयार होत. माझ्या सगळ्या बहिणी शहरात गेल्या. गुळगुळीत रस्ते, झाडाखालची सावली, आठवड्याला आंघोळ. माझ्या वाट्याला आला हा तालुका. या टोकाहून त्या टोकाला जायला सकाळची दुपार होते आणि वाटेत माणसांपेक्षा मेंढ्या जास्त भेटतात. एक शाळा, एक पेट्रोल पंप, एक दवाखाना. दवाखान्यात एक नर्सबाई, आणि डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा. बाकी सगळे गवत आणि वारा. फोनला निम्म्या तालुक्यात रेंज नाही. रस्त्यावरून घर दिसत नाही, फक्त फाटक दिसते. फाटकापासून घर कुणाचे एक किलोमीटर, कुणाचे तीन.

मला पहिल्यापासून चालवणाऱ्या माणसाला सगळे भाऊ म्हणत. बोलणे कमी आणि गुडघे तेव्हापासूनच कुरकुरणारे. साधे पत्र असले की ते फाटकावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. पण औषधाचे पुडके हातात द्यायचे आणि सही घ्यायची, असा नियम होता. आता फाटकाशी उभे राहून तीन किलोमीटरवरच्या माणसाला कळवायचे कसे? तुम्ही म्हणाल, हॉर्न वाजवायचा. आमच्याकडे हॉर्न वाजवत नाहीत. हॉर्न म्हणजे आग लागली, अपघात झाला किंवा कुणीतरी गेले.

हा प्रश्न माझ्यापुरता एका दगडाने सोडवला. दुसऱ्या वर्षी ओढा ओलांडताना खालून दगड लागला आणि माझा सायलेन्सर फुटला. त्या दिवसापासून मी जी बोंबलत सुटले, ती चार किलोमीटरवर ऐकू जाऊ लागले. लोक हातातले काम टाकून फाटकाकडे निघत. मी पोहोचेपर्यंत तेही पोहोचलेले असत. "आली बघ आपली रडकी," असे म्हणत आणि हसत. भाऊंनी सायलेन्सर दुरुस्त केलाच नाही. एकदा वरच्या कचेरीतले साहेब तपासणीला आले. "सरकारी गाडी अशी बोंबलत फिरते?" म्हणून त्यांनी तो स्वतः उभे राहून बदलून घेतला. दुसऱ्या दिवशी एकाही फाटकावर चिटपाखरू नव्हते. पुडक्यांची थैली भरलेली गेली, भरलेली परत आली. त्या संध्याकाळी भाऊ पाना घेऊन माझ्या खाली शिरले. साहेबांना त्यांनी कळवले, "रस्ता फार खराब आहे, पुन्हा फुटला."

तेव्हा मला माझा किती अभिमान वाटे म्हणून सांगू! तालुक्यात माझ्याइतकी वाट कुणाचीच पाहत नसत. पण अभिमानाचे दिवस भराभर संपतात. मुले शिकायला शहरात गेली, ती तिथलीच झाली. मग त्यांच्यामागून आईबाप गेले. जाताना लोक फाटकाला तारेचा वेढा देत. मी आले तेव्हा त्रेचाळीस फाटके होती. हळूहळू अठरा उरली. आणि शेवटच्या तीस किलोमीटरवर एकच उरले, मावशीचे.

मावशी म्हणजे एका मेंढपाळाची बायको. तो जाऊन बारा वर्षे झाली होती. मुलगा शहरात. तो दर पत्रात 'आई, इकडे ये' लिही. मावशी फाटकाशी उभी राहून भाऊंकडूनच पत्र वाचून घेई आणि म्हणे, "लिही त्याला, मी आले तर मेंढ्यांकडे कोण बघणार?" मेंढ्या होत्या सात. तिला रक्तदाबाच्या गोळ्या लागत, त्या दर महिन्याला माझ्यातून जात. नियम असा होता की सलग तीन खेपा घर बंद सापडले, तर त्या रस्त्यावरची फेरी रद्द. फेरी गेली की गोळ्या गेल्या, आणि गोळ्या गेल्या की मावशीला मुलाच्या चौथ्या मजल्यावर जावे लागणार. तेच तिला नको होते. म्हणून काहीही होवो, भाऊ तिकडच्या फेरीचा मंगळवार चुकवत नसत.

पुढे भाऊंचे गुडघे संपले आणि माझे इंजिनही. दोघांना एकाच महिन्यात निवृत्त केले. मला कचेरीच्या मागे लावले, भाऊ शेजारच्या खोलीत राहू लागले. आमच्या जागी शहरातून एक पोस्टवाली ताई आली. तरतरीत आणि नियमाला पक्की. तिची गाडी बॅटरीवर चालणारी, पांढरी शुभ्र. मी तिच्याकडे तिरक्या नजरेने पाही, हे कबूल करते. ती गाडी जवळून गेली तरी कोंबडीसुद्धा मान वर करत नसे.

पहिल्याच फाटकाशी ताईने हॉर्न वाजवला. दहा मिनिटांत पाच माणसे फावडी आणि पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आली. पुडके बघून त्यांनी तिला असे काही सुनावले की बिचारीने पुन्हा हॉर्नला हात लावला नाही. ती प्रत्येक फाटकाशी निमूट थांबायची, वाट पाहायची आणि पुढे जायची. जवळपासच्या घरांनी पांढरी गाडी ओळखायला शिकून घेतले. शेवटच्या फाटकाला हे सांगायला कुणी शेजारीच नव्हता. मावशीचे घर चढाच्या पलीकडे, दोन किलोमीटर आत.

तीन मंगळवार गेले. तिसऱ्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कागद भरत होती आणि भाऊ खिडकीत चहा पीत होते.

"काय लिहिताय?" भाऊंनी सहज विचारले.

"टोकाचं घर बंद आहे. तिसरी खेप झाली. फेरी रद्द करायचा फॉर्म आहे."

भाऊंनी कप खाली ठेवला. "मावशी कुठं जाणार? तुम्ही आत जाऊन पाहिलंत का?"

"आत? नियमात फाटकापर्यंतच आहे, भाऊ."

"बरोबर आहे," भाऊ म्हणाले. "मीही सव्वीस वर्षांत कधी आत गेलो नाही. तीच यायची."

हे ऐकले आणि मी गारठले, मित्रांनो. मी स्वतःला किती मोठी समजत होते! माझ्या बोंबलण्याची सोय मावशीला नव्हती, ती आम्हालाच होती. सत्तरी ओलांडलेली बाई दर खेपेला दोन किलोमीटर चालत यायची आणि आम्ही मात्र फाटकाशी ऐटीत उभे.

पांढऱ्या गाडीची बॅटरी तेवढ्या लांबच्या जादा फेरीला पुरणार नव्हती. पेट्रोल पंपवाल्याने मला त्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावली, चौघांनी ढकलले आणि मी खोकत खोकत उठले. भाऊ चाकाशी, ताई शेजारी पुडके मांडीवर घेऊन. मी होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून ओरडत गेले.

फाटकाशी पोहोचलो. कुणी नव्हते. डब्यात 'घर बंद' च्या तीन चिठ्ठ्या तशाच पडल्या होत्या. पाव तास थांबलो. मग भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा ताईला ते फाटक उघडायला सांगितले आणि मला आत घातले.

मावशी घराच्या पायरीवर बसली होती. एक चप्पल हातात, एक पायाशी. पाय इतके सुजलेले की बोटे दिसत नव्हती.

"येतच होते मी," ती म्हणाली. "आवाज आला तेव्हाच उठले. चप्पल जात नाही पायात. तुम्ही कशाला आत आलात? गाडी रुतेल ना."

ताई गुडघ्यावर बसली. "मावशी, मी तीनदा येऊन गेले. फाटकाशी थांबले होते."

"तू होय? मला काय ठाऊक? मला वाटलं टपाल बंद झालं."

"असं कसं वाटलं? कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोण? बस बंद झाली तेव्हा कुणी सांगायला आलं होतं? पलीकडची शाळा बंद झाली तेव्हा? आवाज यायचा थांबतो, मग आपण समजून घ्यायचं." मग ती भाऊंकडे बघून म्हणाली, "गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून घेतल्या. त्याही संपल्या परवा."

ताईने मावशीला उचलूनच माझ्या मागच्या सीटवर निजवले. मावशी तिला बजावत होती, फाटक नीट लाव, मेंढ्या रस्त्यावर येतील, मी जाऊन येतेच आहे. नर्सबाईंनी पाहताक्षणी पुढे मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितले. तो शंभर किलोमीटरचा रस्ता मी कशी चालले ते मला आठवत नाही. माझे शेवटचे चालणे तेच.

मावशी वाचली. पण जिथे कुणी येत नाही तिथे हिला एकटी ठेवता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले, आणि मुलगा तिला परस्पर शहरातल्या आपल्या घरी घेऊन गेला. मेंढ्या दुसऱ्या मेंढपाळाने नेल्या. फेरी रद्द झाली. तो फॉर्म ताईनेच भरला. या वेळी मात्र लिहिलेले खरे होते. उरलेल्या सतरा फाटकांशी ती गाडी लावते आणि पायी आत जाते. रोज उशिरा परतते, वरून ताशेरे येतात, ते ती खणात टाकते.

परवा तालुक्याची नवी माहितीपुस्तिका आली. भाऊंनी ती माझ्या बॉनेटवर ठेवून वाचली. इतके क्षेत्रफळ, इतकी कुरणे, वस्ती अतिशय विरळ. आणि खाली एक ओळ : 'लोकसंख्येत किंचित घट.' मित्रांनो, ती किंचित घट मी माझ्या मागच्या सीटवर निजवून नेली होती. ती सबंध वाट मेंढ्यांची नावे घेत होती.

मला पुन्हा रंगवा, जपा, असे मी म्हणणार नाही. माझे झाले, आणि दमलेल्या गाडीला भिंतीचा आधार पुरतो. पण तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या तरी दारी काही पोहोचवण्याचे काम तुमच्याकडे येईल. समोर बंद फाटक असेल आणि हातात 'घर बंद' लिहायचा कागद असेल. तेव्हा तो कागद खिशात ठेवा, फाटक उघडा आणि आत चालत जा. फार तर तुमचा अर्धा तास जाईल.